पोवळ्यांच्या टाकीतील नायट्रेट आणि फॉस्फेट: या चुका टाळा

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत पोवळी पाळताना सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणण्याचा हट्ट. ही द्रव्ये निव्वळ घाण नव्हेत. पोवळ्यांच्या शरीरात राहणारी सूक्ष्म शैवाले त्यांच्यावर जगतात आणि पोवळ्यांना लागणारी बरीचशी ऊर्जा हीच शैवाले पुरवतात. मऊ आणि कठीण पोवळी एकत्र असलेल्या बहुतेक मिश्र टाक्यांत नायट्रेट २ ते १० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम असले, की पुरेसे होते. दोन्ही शून्याला टेकली, की पोवळी फिकट पडतात, वाढ खुंटते आणि वाळूवर व खडकांवर डायनोफ्लॅजेलेट्स या सूक्ष्म एकपेशीय जीवांचा तपकिरी, चिकट, बुडबुडे धरलेला थर पसरू शकतो. तो थर म्हणजे अस्वच्छता असे समजून पुन्हा पुन्हा पाणी बदलले, तर उरलेसुरले पोषणही निघून जाते. अशा वेळी माशांचे खाद्य थोडे वाढवावे, प्रोटीन स्किमर (फेसाबरोबर पाण्यातील सेंद्रिय घाण काढणारे यंत्र) रोज काही तास बंद ठेवावा आणि तरीही नायट्रेटचा आकडा हलला नाही, तर सोडियम नायट्रेटचे द्रावण मोजून द्यावे.

आकडा जास्त असेल, तेव्हा घाई नडते. फॉस्फेट शोषणारे लोहयुक्त दाणे एकदम पूर्ण मात्रेत घातले, तर फॉस्फेट दोन दिवसांत कोसळते आणि पोवळ्यांची त्वचा गळू लागते. सुरुवात अर्ध्या किंवा त्याहूनही कमी मात्रेने करावी. आकडा उतरून काही दिवसांत पुन्हा चढला, तर दाण्यांना दोष देऊ नये, कारण चुनखडीचे खडक पूर्वी धरून ठेवलेले फॉस्फेट हळूहळू सोडत असतात. पाणी बदलण्याचाही हिशेब ध्यानात ठेवावा: १० टक्के पाणी बदलल्याने नायट्रेट फार तर १० टक्केच कमी होते.

कोकणात समुद्र दाराशी असल्याने पाणी थेट किनाऱ्यावरून आणण्याचा मोह होतो. पावसाळ्यात तो टाळलाच पाहिजे. जून ते सप्टेंबर या काळात वाशिष्ठी, शास्त्री, कर्ली यांसारख्या नद्या गाळ आणि शेतातून वाहून आलेले खत घेऊन समुद्राला मिळतात आणि किनाऱ्याजवळचे पाणी क्षारतेनेही उतरते. पाणी आणायचेच असेल, तर थंडीच्या दिवसांत, भरतीच्या वेळी, खाडीच्या मुखापासून दूर भरावे, गाळून घ्यावे आणि क्षारता ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग) आसपास असल्याची खात्री करून मगच वापरावे. पावसाळ्यात आरओ-डीआय (गाळून, क्षार काढून शुद्ध केलेल्या) पाण्यात तयार सागरी मीठ मिसळणे अधिक सुरक्षित. बाष्पीभवनाने घटलेले पाणी भरून काढायलाही विहिरीचे पाणी नको, कारण वाफ होऊन फक्त पाणी जाते आणि विहिरीतून आलेले नायट्रेट प्रत्येक भरणीबरोबर टाकीत साठत राहते. टाकीसाठी किनाऱ्यावरून जिवंत पोवळी किंवा त्यांचे खडक तर कधीच उचलू नयेत. कठीण पोवळ्यांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे आणि मालवणचा किनारा १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

जवळा किंवा कोळंबी बारीक करून देणाऱ्यांचा समज असतो, की ती धुऊन घेतली म्हणजे फॉस्फेटचा प्रश्न मिटला. धुणे चांगलेच, पण फॉस्फरसचा मोठा भाग मांसातच असतो, त्यामुळे खरा फरक मात्रेने पडतो. मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील एवढेच द्यावे.

मोजणीतही गफलत होते. काही डिजिटल यंत्रे फॉस्फेट नव्हे, तर फॉस्फरस पीपीबीमध्ये (अब्ज भागांत किती भाग) दाखवतात. त्या आकड्याला ३.०६६ने गुणून १०००ने भागल्यावर फॉस्फेटचा पीपीएम मिळतो. म्हणजे १० पीपीबी फॉस्फरस हे सुमारे ०.०३ पीपीएम फॉस्फेट झाले. नव्या टाकीत नायट्राइट शिल्लक असेल, तर नायट्रेटची चाचणी फसवे, जास्त आकडे दाखवते.

व्हिनेगर किंवा व्होडका देऊन जीवाणूंकरवी नायट्रेट उतरवण्याची पद्धत प्रभावी आहे, पण वाढणारे जीवाणू पाण्यातील ऑक्सिजन खातात. वादळी पावसात वीज गेली आणि स्किमर थांबला, की पाणी दुधाळ होऊन मासे गुदमरू शकतात. म्हणून ही पद्धत वापरणाऱ्यांनी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आधी घ्यावा आणि वीज बेभरवशाची असेल त्या आठवड्यांत मात्रा थांबवावी.