शेतकरी गटातील मानकरी कसे निवडावेत

जळगाव जिल्ह्यातील रावेर-यावल पट्ट्यातील केळी उत्पादकांच्या व्हॉट्सॲप गटात वर्षाकाठी काही सदस्यांचा गौरव करायचा असेल, तर कोण जास्त लिहितो हे बाजूला ठेवून कोणाच्या सल्ल्याने बाग वाचली, यावर निवड करावी. रोज सकाळी सुप्रभातची चित्रे टाकणाऱ्याचे नाव आपसूक ओठांवर येते. पक्षपाताला तिथूनच सुरुवात होते.

समजा, पावसाळ्यात कोणी पानांवर पिवळे पट्टे पडल्याचा फोटो टाकला. पाच-सहा जण लगेच ‘करपा (पानांवरचा बुरशीजन्य रोग) आहे, फवारणी घ्या’ असे लिहून मोकळे होतात. एखादाच कोवळ्या पानाचा जवळून फोटो मागवतो, बांधाला काकडीवर्गीय पीक आहे का हे विचारतो, आणि हा हरण्या, म्हणजे काकडीवर्गीय पिकांवरही येणारा व माव्यामार्फत पसरणारा सीएमव्ही हा विषाणूजन्य रोग, असावा असे सांगून ते झाड मुळासकट उपटून नष्ट करण्याचा व मावा आटोक्यात ठेवण्याचा सल्ला देतो. वर्षभरात त्याने एवढेच लिहिले असले, तरी मानाच्या यादीत त्याचे नाव हवे. सल्ल्याचा काय गुण आला हे पंधरवड्याने येऊन कळवणाराही तितकाच मोलाचा, पण त्याची आठवण सहसा कोणालाच राहत नाही.

म्हणून गटातील कोणा दोन सदस्यांनी दर महिन्याला तारीख, अडचण, सल्ला आणि परिणाम वहीत उतरवावेत. संदेश आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू असेल, तर ती मुदत संपण्याआधीच. ज्येष्ठांनी लेवा गणबोलीत, म्हणजे इथल्या बोलीत, पाठवलेल्या व्हॉइस नोट शब्द टाकून शोधल्या तर सापडत नाहीत, त्यामुळे त्या ऐकूनच नोंदवाव्यात. नवऱ्याच्या नंबरवरून उत्तर देणाऱ्या ताईंचे श्रेय नंबरधारकाच्या नावावर जमा होणार नाही, हेही पाहावे.

निवड वेगवेगळ्या गावच्या तिघांनी करावी आणि भाऊबंदांचे नाव आले की संबंधिताने बाजूला व्हावे. गटातच पोल घेतल्यास कोणी कोणाला मत दिले हे सर्वांना दिसते आणि गावकीत त्याचे पडसाद उमटतात. कृषी केंद्र चालवणाऱ्याचा सल्ला जरूर धरावा, मात्र त्याने आपल्याच दुकानातील औषध सुचवले असेल तर तशी नोंद शेजारी असावी.

नावे जाहीर करताना प्रत्येकापुढे कारण लिहावे आणि हरकतीसाठी आठ दिवस ठेवावेत. बक्षीस म्हणून ॲडमिनपद मात्र देऊ नये, कारण ती जबाबदारी आहे आणि केळीतला जाणकार भांडणे सोडवण्यात वाकबगार असेलच असे नाही.