लंबवर्तुळ हाताने काढायचं कसं: शीटवर वेगळं, प्लायवर वेगळं

होटगी रोडच्या एका गिऱ्हाइकाला डायनिंग टेबलाचा टॉप पाहिजे होता, सहा फूट बाय साडेतीन फूट आणि तो पण ओव्हल, आणि त्याच आठवड्यात भाचा डिप्लोमाची ड्रॉइंग शीट घेऊन घरी आला, मामा इलिप्स येत नाही म्हणून. दोघांचं काम एकच, पण पद्धत वेगळी वापरावी लागली, म्हणून सांगायलो.

आधी माझी फजिती सांगतो. दोन खिळे आणि दोरा, ही पद्धत सगळ्यांना माहीत असते. शेजारी पॉवरलूम आहे, तिथलं सूत आणलं, प्लायवर दोन खिळे मारले आणि पेन्सिल फिरवली. सूत ताणलं की वाढतं, ढिलं सोडलं की आखडतं, रेघ फिरून परत आली तेव्हा सुरुवातीच्या जागेपासून बोटभर बाहेर. भाचा म्हणतो, "मामा, अंडं झालंय की." झालं होतं खरंच.

त्यामुळे दोरा वापरायचाच असेल तर न ताणणारा घ्या, सायकलच्या ब्रेकची बारीक वायर चालते. खिळे कुठे मारायचे ते अंदाजाने ठरवू नका. मोठा अक्ष (लांबीची मधली रेघ) आणि छोटा अक्ष (रुंदीची मधली रेघ) काटकोनात आखा, मग छोट्या अक्षाच्या टोकावर कंपासचं टोक ठेवून मोठ्या अक्षाच्या निम्म्याएवढी त्रिज्या घ्या आणि मोठ्या अक्षाला दोन्हीकडे कंस मारा. जिथे छेदतो त्या दोन नाभी, खिळे तिथेच. दोन खिळ्यांमधल्या वायरची लांबी पूर्ण मोठ्या अक्षाएवढी. माझ्या टॉपला मध्यापासून नाभी सव्वाएकोणतीस इंचावर येत होत्या आणि वायर 72 इंच. अर्धा भाग वरून काढायचा, मग वायर खालच्या बाजूला घेऊन उरलेला अर्धा, नाहीतर ती खिळ्याला अडकते.

आता भाच्याची शीट. मोठा अक्ष 120 मिमी, छोटा 80 मिमी. शीटवर मला दोन वर्तुळांची पद्धतच बरी वाटते कारण चूक लगेच दिसते. एकाच मध्यावरून 60 आणि 40 मिमी त्रिज्येची दोन वर्तुळं काढा, फिकट, 2एच पेन्सिलने. कंपास जोरात दाबू नका, मध्याला भोक मोठं पडलं की दुसरं वर्तुळ हमखास सरकतं. मग 30-60 च्या गुण्याने (त्रिकोणी पट्टीने) मध्यातून रेघा मारा, वर्तुळाचे बारा भाग होतात. प्रत्येक रेघ दोन्ही वर्तुळांना छेदते. बाहेरच्या वर्तुळावरच्या बिंदूतून उभी रेघ खाली आणा, आतल्या बिंदूतून आडवी रेघ बाहेर न्या, दोन्ही भेटतात तो आपला बिंदू. चार बिंदू अक्षांच्या टोकांवर फुकटात मिळालेलेच असतात, म्हणजे काढायचे आठच.

इथे सगळी पोरं एकच चूक करतात, बाहेरून आडवी आणि आतून उभी, मग लंबवर्तुळ उभं राहतं. भाच्याचं पण तेच झालेलं, अर्धी शीट खोडून खोडून काळी. तपासायला सोपं आहे: 30 अंशाच्या रेघेवरचा बिंदू आडव्या अक्षापासून बरोबर 20 मिमी वर आला पाहिजे आणि 60 अंशावरचा उभ्या अक्षापासून बरोबर 30 मिमी दूर. नसेल तर कुठेतरी रेघ घसरली.

बिंदू जोडताना दोन्ही टोकांकडे घोळ होतो, कारण तिथे वळण जास्त आणि त्या मानाने बिंदू कमी. तिथे 45 चा गुण्या 30-60 ला जोडून 15 अंशाची रेघ काढा आणि जास्तीचा बिंदू घ्या. मग फ्रेंच कर्व (वळणदार पट्टी), एका वेळी तीन-चार बिंदू पकडून, पुढचा तुकडा मागच्यावर थोडा चढवून. आणि एप्रिलमध्ये शीट काढत असाल तर मनगटाखाली कागद ठेवा, सोलापूरच्या उन्हात घामाने ग्रॅफाइट पसरतं.

चार केंद्रांची पद्धत पण शिकवतात, कंपासने चार कंस जोडायचे. दिसायला छान येतं, आयसोमेट्रिकमध्ये (वस्तू तिरकी दाखवतात त्या चित्रात) वर्तुळ दाखवायला चालतं, पण ते खरं लंबवर्तुळ नाही, वर्तुळाचे तुकडे आहेत. शीटवर प्रश्नात तीच पद्धत मागितली असेल तरच करा.

प्लायवर एवढी मोठी वर्तुळं कोण काढणार. तिथे पट्टीची पद्धत. चार फुटाला पुरेल अशी सरळ रीप (लाकडाची अरुंद पट्टी) घ्या. टोकाला एक खूण, तिथून 21 इंचावर दुसरी, 36 इंचावर तिसरी, म्हणजे छोट्या अक्षाचं निम्मं आणि मोठ्याचं निम्मं, एकाच टोकापासून. आता 21 ची खूण मोठ्या अक्षावर आणि 36 ची खूण छोट्या अक्षावर ठेवून रीप हळूहळू सरकवा, टोक जिथे असेल तिथे टिंब. रीप मोठ्या अक्षावर आडवी झाली की टोक मध्यापासून 36 वर, उभी झाली की 21 वर, म्हणजे बरोबर चाललंय. दर तीन-चार इंचाला टिंब, टोकाकडे जास्त.

अक्ष काटकोनात नसले तर सगळंच वाकडं, आणि मिस्त्रीचा छोटा गुण्या सहा फुटाला पुरत नाही, म्हणून 3-4-5 लावून तपासा: एका अक्षावर 3, दुसऱ्यावर 4, तर तिरपं अंतर 5 आलं पाहिजे. आणि पूर्ण टॉपवर टिंबं मारत बसू नका. मी फक्त पाव भाग हार्डबोर्डवर काढला, कापून पॉलिश पेपर मारला आणि तो फर्मा उलटासुलटा करून चारही बाजू आखल्या. चारी बाजू सारख्या येतात, जिगसॉ चालवताना पण भीती नाही.

राहिली कडेची पट्टी. एज बँड किती लागेल हे मोजायला घेर पाहिजे, आणि लंबवर्तुळाच्या घेराचं साधं सूत्रच नाही. रामानुजन यांनी 1914 मध्ये जवळपासचं सूत्र दिलं, तेच मी मोबाईलवर टाकतो, अ म्हणजे मोठ्या अक्षाचं निम्मं, ब म्हणजे छोट्याचं: पाय (π, 3.14) गुणिले, कंसात 3(अ+ब) वजा वर्गमूळ (3अ+ब)(अ+3ब). अ 36, ब 21 टाकलं तर 182 इंच आले, पंधरा फूट दोन इंच. दुकानदाराकडून सोळा फूट घेतली, जोड भिंतीकडच्या बाजूला ठेवला.