कन्सोल मॉनिटरला जोडताय? या चुका टाळा

घरात संध्याकाळी मालिका सुरू झाल्या की टीव्हीवर आपला हक्क संपतो. मग कन्सोल (प्लेस्टेशन, एक्सबॉक्ससारखं गेम खेळायचं यंत्र) उचलून आतल्या खोलीतल्या मॉनिटरला लावायचं ठरतं. केबल लावली, बटण दाबलं आणि समोर ‘नो सिग्नल’. इथून पुढे बहुतेक जण एकच करतात: केबलला शिव्या घालतात आणि ऑनलाइन कन्व्हर्टर शोधायला लागतात. थांबा. आधी मॉनिटर फिरवून त्याची मागची बाजू बघा. मॉनिटर पीसीच्या ग्राफिक्स कार्डासाठी बनवलेला असतो, कन्सोल टीव्हीसाठी. निम्म्या तक्रारी या एवढ्याशा फरकातून येतात, आणि त्या सोडवायला बऱ्याचदा एक रुपयाही लागत नाही.

डिस्प्लेपोर्टची केबल

प्लेस्टेशन असो, एक्सबॉक्स असो की निन्टेन्डो स्विचचा डॉक, चित्र बाहेर येतं ते एचडीएमआयमधूनच, म्हणजे टीव्हीला चित्र आणि आवाज एकाच केबलने नेणाऱ्या पोर्टातून. मॉनिटरवर मात्र एचडीएमआयचं एखादंच पोर्ट असतं आणि ते पीसीने अडवलेलं असतं. शेजारी डिस्प्लेपोर्ट (पीसीच्या चित्रासाठीचं वेगळं पोर्ट) रिकामं दिसतं आणि एका टोकाला डिस्प्लेपोर्ट, दुसऱ्या टोकाला एचडीएमआय अशी स्वस्त केबल मागवली जाते. ती चालत नाही. ती केबल एकाच दिशेने काम करते: पीसीच्या डिस्प्लेपोर्टातून निघून टीव्हीच्या एचडीएमआयमध्ये. उलट दिशेला सिग्नल खरोखर बदलणारा कन्व्हर्टर लागतो. त्याला बहुधा वीजपुरवठ्यासाठी यूएसबीची वेगळी शेपटी असते. दुकानदार ‘दोन्हीकडून चालते सर’ म्हणाला तरी पाकिटावरचा बाण बघा.

त्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे पीसीलाच डिस्प्लेपोर्टावर हलवा आणि एचडीएमआय कन्सोलला द्या. शंभरातल्या नव्वद घरांत काम इथेच संपावं.

मॉनिटरऐवजी लॅपटॉप वापरायचा असेल तर मात्र नुसत्या केबलने भागत नाही. त्याच्या एचडीएमआय पोर्टातून चित्र बाहेर जातं, आत येत नाही. लॅपटॉपच्या स्क्रीनवर खेळायचंच असेल तर कॅप्चर कार्ड (बाहेरचं चित्र लॅपटॉपमध्ये घेणारं उपकरण) घ्या किंवा रिमोट प्ले (नेटवर्कवरून कन्सोलचा गेम खेळण्याची सोय) वापरा.

ऑफिसातून आलेला जुना मॉनिटर

हा प्रकार आपल्याकडे फार. कंपनीने काढून टाकलेला मॉनिटर स्वस्तात मिळतो, मागे फक्त व्हीजीए आणि डीव्हीआय ही जुनी पोर्टं. डीव्हीआयला एचडीएमआयची साधी केबल चालते, कारण दोन्हींचा सिग्नल मुळात एकाच जातीचा आहे. तरीही पडदा काळा राहिला तर संशय एचडीसीपीवर घ्या. हे चित्रपटांची चोरी होऊ नये म्हणून सिग्नलला घातलेलं कुलूप आहे, आणि बऱ्याच जुन्या मॉनिटरांकडे त्याची किल्लीच नसते. पीएस४ आणि पीएस५मध्ये (प्लेस्टेशन ४ आणि ५) ते सेटिंग्जमधून बंद करता येतं, पीएस३मध्ये नाही. गंमत अशी की बंद करायचं तर आधी सेटिंग्ज दिसायला हवीत. म्हणून मालिकांच्या मधल्या जाहिरातीत टीव्हीला लावून ‘एनेबल एचडीसीपी’वरची खूण काढा आणि मग मॉनिटरकडे या. ते बंद असताना नेटफ्लिक्ससारखी ॲप चालणार नाहीत, गेम चालतील.

व्हीजीए असेल तर कन्व्हर्टर लागतोच. तिथेही दिशा नीट सांगा: ‘एचडीएमआय टू व्हीजीए’, आणि इअरफोनचं भोक असलेला, कारण व्हीजीएतून आवाज जात नाही. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळतो. पण अगदी खरं सांगायचं तर पीएस५साठी हा खटाटोप करू नका. त्यापेक्षा मॉनिटर बदला.

१४४ हर्ट्झचा घेतला, मिळतात ६०

खोक्यावर मोठ्या अक्षरात १४४ लिहिलेलं असतं, म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला १४४ वेळा बदलू शकतं. ते बऱ्याचदा डिस्प्लेपोर्टसाठी खरं असतं, एचडीएमआयवर त्याच मॉनिटरची मर्यादा कमी असू शकते. मॅन्युअलमध्ये पोर्टनुसार तक्ता असतो, खरेदीआधी तोच वाचा. ढोबळ हिशेब असा: एचडीएमआयच्या १.४ आवृत्तीवर ४के (सर्वात बारीक चित्र) फक्त ३० हर्ट्झ, २.०वर ४के ६०, आणि ४के १२० हवं असेल तर २.१. शिवाय पीएस५चं व्हीआरआर (गेमच्या वेगानुसार पडद्याचे हर्ट्झ बदलणारी सोय) एचडीएमआय २.१वरच चालतं. मॉनिटरवर नुसतं फ्रीसिंक (तशीच एएमडीची सोय) लिहिलेलं पुरत नाही. एक्सबॉक्सला फ्रीसिंक चालतं, त्यामुळे मधल्या किमतीच्या मॉनिटरशी त्याचं जास्त जुळतं.

१४४०पीच्या (१०८०पी आणि ४केच्या मधल्या) मॉनिटरवर पीएस५चं चित्र धूसर दिसत असेल तर सिस्टम अपडेट बघा. पीएस५मध्ये १४४०पीची सोय सप्टेंबर २०२२च्या अपडेटमध्ये आली, त्याआधी कन्सोल १०८०पीवर उतरायचा. आता ‘स्क्रीन अँड व्हिडिओ’मध्ये जाऊन १४४०पीची चाचणी घेता येते, आणि ‘व्हिडिओ आउटपुट इन्फर्मेशन’मध्ये नेमकं काय बाहेर जातंय ते आकड्यांत दिसतं. अंदाज बांधण्याआधी हे पान उघडा.

टीव्हीवर दिसतं, मॉनिटरवर काळं

आधी मॉनिटरच्या मेन्यूत इनपुट हाताने एचडीएमआयवर आणा, ‘ऑटो’वर विसंबू नका. तरी नाही जमलं तर पीएस५ पूर्ण बंद करून पॉवरचं बटण दाबून धरा. एक बीप होईल, साधारण सात सेकंदांनी दुसरी. तेव्हा सोडा. हा सेफ मोड, म्हणजे अडचण सोडवायचा साधा मेन्यू. कंट्रोलर यूएसबी केबलने जोडा (इथे वायरलेस चालत नाही) आणि ‘चेंज व्हिडिओ आउटपुट’मधून रिझोल्यूशन बदला. कन्सोल ४८०पीवर सुरू होईल, मग पुढची सेटिंग्ज सावकाश लावा.

आणि केबल काढघाल करताना दोन्ही उपकरणं बंद ठेवा. एचडीएमआयचं पोर्ट मुडपलं तर आतल्या पिना वाकतात, आणि ते बदलायला बोर्डावर सोल्डरिंग करावं लागतं.

रंग पांढुरके किंवा काळोखातलं सगळं गडप वाटत असेल तर मॉनिटरला दोष देण्याआधी आरजीबी रेंज, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या आकड्यांची मर्यादा, तपासा. टीव्हीची रीत १६ ते २३५, पीसीची ० ते २५५. कन्सोल आणि मॉनिटर दोन्हीकडे एकच ठेवा. स्वस्त मॉनिटरवरचं एचडीआर (उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणारी सोय) मात्र सरळ बंद करा, ते नावापुरतंच असतं.

चित्र आलं, आवाज गेला

बऱ्याच मॉनिटरांना स्पीकर नसतात, पण मागे इअरफोनचं भोक असतं. एचडीएमआयमधून आलेला आवाज तिथून मिळतो, साधे पीसी स्पीकर लावा. ब्लूटूथ इअरबड मात्र पीएस५ला किंवा एक्सबॉक्सला थेट जोडले जात नाहीत. वायरवाला इअरफोन कंट्रोलरला लावा. पीएस४वर तो लावूनही गेमचा आवाज येत नसेल तर ‘आउटपुट टू हेडफोन्स’ बघा. तिथे मुळात ‘चॅट ऑडिओ’ निवडलेलं असतं, ते ‘ऑल ऑडिओ’ करा.