इंदूरहून लॉजिकच्या परिषदांना: तारखा उलट्या कशा मोजायच्या

परिषद जुलैत, पेपर पाठवायची तारीख जानेवारीत. लॉजिक आणि थिअरेटिकल कम्प्युटर सायन्सच्या परिषदांचं सगळं गणित या सहा महिन्यांवर उभं आहे. देवी अहिल्या विश्वविद्यालय, एसजीएसआयटीएस किंवा सिमरोलच्या आयआयटीत शिकणाऱ्यांची गाडी बहुतेक वेळा इथेच चुकते. परिषदेची बातमी कानावर येते तोवर पेपरची तारीख उलटून गेलेली असते. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर परिषद कधी भरते ते लिहूच नका. पेपर कधी पाठवायचा ते लिहा आणि तिथून मागे मोजा.

वर्षाचा फेरा

खालचे महिने परिषद भरण्याचे नाहीत, पेपर पाठवायचे आहेत. नेमक्या तारखा दरवर्षी थोड्या सरकतात, महिने मात्र फारसे बदलत नाहीत. जानेवारीच्या मध्यावर लिक्स (LICS) येते. १९८६ पासूनची ही लॉजिकमधली सगळ्यात मानाची परिषद. तिथे आधी सारांश नोंदवायचा आणि आठवडाभरात पूर्ण पेपर द्यायचा. फेब्रुवारीत आयकॅल्प (ICALP). तिचा पहिला विभाग अल्गोरिदम आणि कॉम्प्लेक्सिटीचा, दुसरा ऑटोमाटा (एका अवस्थेतून दुसरीत जाणारी अमूर्त यंत्रं), लॉजिक आणि सिमँटिक्सचा. फॉर्म भरताना चुकीचा विभाग निवडला तर पेपर भलत्याच परीक्षकांकडे जातो, आणि चांगलं काम ‘आमच्या विषयाचं नाही’ म्हणून परत येतं. एप्रिलच्या सुरुवातीला फॉक्स (FOCS), अखेरीस एमएफसीएस (MFCS), दोन्ही थिअरीच्या परिषदा. जुलैत एकदम गर्दी होते: आपल्याकडची एफएसटीटीसीएस (FSTTCS), युरोपातली लॉजिकची सीएसएल (CSL) आणि अल्गोरिदमवाल्यांची सोडा (SODA). सप्टेंबरात थिअरीचीच स्टॅक्स (STACS), ऑक्टोबरात फॉसॅक्स (FoSSaCS), नोव्हेंबरच्या पहिल्या दिवसांत थिअरीची स्टॉक (STOC).

हा क्रम पाठ असण्याचा खरा फायदा पेपर नाकारला जातो तेव्हा कळतो. लिक्स आणि आयकॅल्पचे निकाल एप्रिलमध्ये येतात, आणि एमएफसीएसची तारीख जेमतेम एक-दोन आठवड्यांवर असते. एमएफसीएसचा निकाल जूनमध्ये, म्हणजे एफएसटीटीसीएससाठी महिनाभर हातात. तिचा निकाल सप्टेंबरात, त्यानंतर फॉसॅक्स. एक पेपर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. दोन परिषदांना एकदम पाठवलेला पेपर दोन्हीकडून बाद होतो, कारण परीक्षकांचं वर्तुळ लहान आहे आणि तोच पेपर त्याच माणसाच्या हाती पडण्याची शक्यता बरीच असते.

काही वर्षांनी एकदा फ्लॉक भरतं, तेव्हा लिक्ससकट लॉजिकच्या कितीतरी परिषदा एकाच शहरात, एका पाठोपाठ होतात. २०१८ ला ऑक्सफर्ड, २०२२ ला हैफा, २०२६ ला लिस्बन. परदेशवारी एकदाच परवडणार असेल तर ती फ्लॉकच्या वर्षी करावी.

पहिला पेपर कुठे

आमचं स्पष्ट मत: पहिला पेपर एफएसटीटीसीएसला पाठवा. १९८१ पासून दर डिसेंबरला ती भारतातच भरते. आयार्क्स (IARCS) ही संस्था ती भरवते आणि प्रोसीडिंग्ज, म्हणजे परिषदेतल्या पेपरांचा संग्रह, लिपिक्स (LIPIcs) या मुक्त मालिकेत छापली जातात, म्हणजे जगात कुणालाही फुकट वाचता येतात. २०२२ ला आयआयटी मद्रास, २०२३ ला हैदराबादची ट्रिपलआयटी, २०२४ ला आयआयटी गांधीनगर. व्हिसाची कटकट नाही. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट, चेन्नईचीच आयएमएससी, मुंबईची टीआयएफआर अशा संशोधन संस्थांमधली माणसं चहाच्या रांगेत भेटतात. पण घरची परिषद म्हणून सोपी समजू नका. परीक्षक जगभरचे असतात आणि बरेच पेपर परत जातात.

शुद्ध लॉजिक, मोडल लॉजिक, तर्कशास्त्राचं तत्त्वज्ञान, भारतीय न्यायपरंपरा अशा बाजूचं काम असेल तर आयसीएलए (ICLA) ही परिषद जास्त जवळची. असोसिएशन फॉर लॉजिक इन इंडिया ती विषम वर्षी भरवते. २०२३ ची, ३ ते ५ मार्च, आपल्या इंदुरातच आयआयटीत झाली होती. मधल्या सम वर्षी त्याच संस्थेची लॉजिकची शाळा असते, आणि पेपर नसलेल्या एमएस्सीच्या मुलांनी सुरुवात तिथून करावी. ग्राफ आणि अल्गोरिदमवाल्यांसाठी फेब्रुवारीत भरणारी कॅल्डॅम आहे.

तयार पेपर नसला तरी दार बंद नाही. ‘हायलाइट्स ऑफ लॉजिक, गेम्स अँड ऑटोमाटा’ या परिषदेची प्रोसीडिंग्जच नसतात. छोटा सारांश पाठवायचा आणि निवड झाली तर बोलायचं. दुसरीकडे छापलेलं किंवा अजून अर्धवट असलेलं कामही तिथे चालतं.

आता खोट्या परिषदांबद्दल, कारण इथल्या कॉलेजांच्या इनबॉक्सात त्यांचा पूर येतो. नावात ‘जागतिक’ आणि ‘बहुविषयक’, पाच दिवसांत स्वीकृती, पैसे पानाच्या हिशेबाने: एवढ्यावरच मेल पुसून टाकावा. शंका उरली तर डीबीएलपीवर (कम्प्युटर सायन्सच्या पेपरांची ऑनलाइन सूची) मागच्या तीन वर्षांची प्रोसीडिंग्ज उघडा. तुम्ही ज्यांचे पेपर वाचता त्यांच्यापैकी कुणी तिथे लिहितं का? पेपर निवडणाऱ्या कार्यक्रम समितीतल्या चार जणांची स्वतःची पानं बघा. त्यांनी ही समिती तिथे नोंदवली आहे का? मोठ्या प्रकाशकाचं नाव एवढाच पुरावा पुरेसा नाही. त्याच्या मालिकेतही बऱ्या-वाईट दोन्ही परिषदा छापल्या जातात.

घड्याळ

डेडलाइनपुढे ‘एओई’ लिहिलेलं असतं, म्हणजे पृथ्वीवर कुठेही ती तारीख शिल्लक असेपर्यंत. ही वेळ भारतीय वेळेच्या साडेसतरा तास मागे चालते. १५ तारखेची एओई डेडलाइन आपल्याकडे १६ तारखेला संध्याकाळी ५ वाजून २९ मिनिटांनी संपते. रात्रभर जागून पहाटे चारला अर्धवट पेपर चढवण्याची गरज नसते. झोपा, सकाळी ताज्या डोळ्यांनी पहिली दोन पानं वाचा आणि दुपारी तीनपर्यंत चढवा. मात्र सगळ्याच परिषदा एओई वापरत नाहीत. काही युरोपची किंवा अमेरिकेची वेळ देतात, म्हणून ती ओळ दोनदा वाचावी.

पेपर चढवायच्या ईझीचेअर किंवा हॉटसीआरपी या साइटवर खातं आधीच उघडून ठेवा आणि दोन दिवस आधी एक कच्ची प्रत चढवा. नवी प्रत जुन्या प्रतीची जागा घेते, त्यात कमीपणा काही नाही. सारांशाची तारीख चुकली तर पूर्ण पेपर तयार असूनही घेत नाहीत, हे दरवर्षी कुणाला तरी नव्याने कळतं.

पेपर कशाने पडतो

पानांची मर्यादा साधारण १२ ते १५, संदर्भ सोडून. लिपिक्सवाल्या परिषदांना त्यांचीच लाटेक (LaTeX, पेपर मांडायची प्रणाली) क्लास फाइल लागते. समास कमी करणं, ओळींमधली जागा चोरणं, ओळींचे क्रमांक काढून टाकणं हे करू नका. त्या क्रमांकांवरूनच परीक्षक चुका दाखवतात, आणि जागा चोरलेला पेपर न वाचताही परत जाऊ शकतो. मावत नसेल तर सिद्धता परिशिष्टात हलवा. परिशिष्ट वाचायचं की नाही हे परीक्षकाच्या मर्जीवर असतं, त्यामुळे मुख्य सिद्धतेची कल्पना पहिल्या १२ पानांत हवीच.

परीक्षकाच्या ढिगात दहा-बारा पेपर असतात. पहिल्या दोन पानांत त्याला चार गोष्टी सापडायला हव्यात: प्रश्न काय, आधी काय माहीत होतं, तुमचं मुख्य प्रमेय नेमकं काय म्हणतं, आणि जुनी पद्धत कुठे अडत होती. शेवटची गोष्ट आपल्याकडचे विद्यार्थी हमखास गाळतात. प्रमेय नवं आहे एवढं सांगून भागत नाही. ज्ञात रचना सरळ लावली तर काय बिघडतं, ते एका छोट्या उदाहरणाने दाखवा. तीन अवस्थांचा ऑटोमाटा काढून ‘इथे जुनी रचना चुकीचं उत्तर देते’ एवढं दाखवलं, तरी परीक्षक पुढचं लक्ष देऊन वाचतो.

सिद्धतांमधल्या चुका ठरावीक जागी सापडतात. इंडक्शनचं गृहीतक कमकुवत असतं आणि मधल्या पायरीत नकळत त्याहून मजबूत विधान वापरलेलं असतं. ‘हे स्पष्टच आहे’ असं जिथे लिहिलंय, तिथे पेनाने गोल करा आणि खरंच चार ओळींत लिहून बघा. चार ओळींत बसत नसेल तर तिथे भोक आहे. रिकामा संच, एकच अवस्था, शून्य लांबीचा शब्द अशी टोकाची उदाहरणं प्रत्येक लेमावर (छोट्या साहाय्यक प्रमेयावर) चालवून पाहा. आणि परिशिष्टात लेमा पुन्हा लिहिताना त्याचा क्रमांक बदलतो, मग वाचणारा गोंधळतो. लाटेकमध्ये ‘थम-रीस्टेट’ (thm-restate) पॅकेज वापरलं की तेच विधान त्याच क्रमांकाने पुन्हा छापलं जातं.

परीक्षण निनावी असेल तर नाव काढणं एवढंच काम नसतं. आभार काढा, पीडीएफच्या गुणधर्मांत लपलेलं नाव काढा, आणि ‘आमच्या आधीच्या पेपरात’ असं न लिहिता तो पेपर दुसऱ्या कुणाचा असावा तसा उल्लेख करा. निनावी परीक्षणातही बऱ्याच परिषदा आर्काइव्हवर (arXiv, छापण्याआधी पेपर सगळ्यांसाठी खुला ठेवायची साइट) पेपर ठेवू देतात, पण त्या वर्षीचा नियम वाचूनच ठेवावा. आर्काइव्हवर पहिल्यांदा पेपर टाकणाऱ्याला त्या विभागात आधी लिहिलेल्या कुणाची शिफारस लागू शकते, ते काम आधीच उरका.

पैसे, गाडी, व्हिसा

प्रत्येक स्वीकृत पेपरमागे निदान एका लेखकाने नोंदणी करावीच लागते. विद्यार्थ्यांचा दर वेगळा असतो आणि लवकर भरणाऱ्यांना सवलत मिळते, म्हणून विभागाकडे मंजुरीचा अर्ज निकालाच्या दिवशीच द्या. परदेशासाठी एसीएम इंडिया आणि आयार्क्स मिळून प्रवास अनुदान देतात. सरकारी योजना आता पूर्वीच्या सर्बच्या (SERB) जागी आलेल्या एएनआरएफ (ANRF) या संशोधन निधी देणाऱ्या संस्थेकडे आहे. असोसिएशन फॉर सिम्बॉलिक लॉजिक विद्यार्थ्यांना वेगळी मदत करते. यातल्या बहुतेकांना स्वीकृतीचं पत्र आणि मार्गदर्शकाचं पत्र लागतं. मार्गदर्शकांना निदान आठ दिवस आधी सांगा.

एफएसटीटीसीएससाठी रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. डिसेंबरच्या मध्याची परिषद म्हणजे ऑक्टोबरच्या मध्याला तिकीट. तो काळ बहुधा दिवाळीच्या आसपासचा असतो आणि विसरायला होतं. गांधीनगरसारख्या ठिकाणी शांती एक्सप्रेस इंदूरहून थेट जाते. मुंबईहून विमान किंवा मुंबईत व्हिसाची मुलाखत असेल तर अवंतिका एक्सप्रेस रात्रभरात पोचवते.

युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि १५ दिवस आधी तरी करावाच लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस, क्वचित ४५. प्रौढांसाठी शुल्क २०२४ पासून ९० युरो, प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा. मध्य प्रदेश कुठल्या वकिलातीच्या हद्दीत येतो हे देशाप्रमाणे ठरतं, ते बघूनच भेटीची वेळ घ्या. एप्रिलमध्ये निकाल लागला आणि परिषद जुलैच्या पहिल्या आठवड्यात असेल, तर हातात जेमतेम अकरा आठवडे असतात. उन्हाळ्यात भेटीच्या वेळा भराभर संपतात. पासपोर्ट निकालाआधीच तयार हवा.

आणि नाव. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असतं, तर पेपरवर नुसतं नाव-आडनाव. निमंत्रणपत्र मागताना पासपोर्टवरचं नाव अक्षर न अक्षर कळवा, नाहीतर पत्र आणि पासपोर्ट जुळत नाहीत. पेपरवर कुठलं नाव लावायचं ते पहिल्याच पेपरला ठरवा आणि तेच पुढे ठेवा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचे पेपर डीबीएलपीवर दोन नावांखाली विखुरतात. डीबीएलपीला कळवलं की ते एकत्र करून देतात. ऑर्किड (ORCID) हा संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक काढून ठेवला तर गोंधळ मुळातच कमी होतो.

बोलणं आणि त्यापुढे

बोलायला साधारण २० मिनिटं मिळतात आणि प्रश्न त्यातच धरलेले असतात. दोन मिनिटांना एक स्लाइड धरा, म्हणजे नऊ किंवा दहा. सबंध सिद्धता दाखवायला जाऊ नका. एक उदाहरण घ्या आणि त्यावर मुख्य युक्ती चालवून दाखवा. उरलेलं पेपरात आहेच. आधी विभागातल्या अशा कुणासमोर बोला ज्याला हा विषय येत नाही. तो जिथे थांबवेल ती स्लाइड बदला.

परत आल्यावर लगेच पूर्ण सिद्धतांसह जर्नलची प्रत सुरू करा. परिषदेत विचारलेले प्रश्न तेव्हा डोक्यात ताजे असतात, आणि आपल्याकडच्या निवड समित्या बहुधा जर्नलच मोजतात. ‘लॉजिकल मेथड्स इन कम्प्युटर सायन्स’ हे जर्नल लेखकाकडून किंवा वाचकाकडून पैसे घेत नाही. तिथे पाठवायचा पेपर आधी आर्काइव्हवर असावा लागतो. म्हणून परिषदेच्या वेळी ठेवलेल्या पेपरावरच नवी आवृत्ती चढवा आणि अर्जात तोच आर्काइव्ह क्रमांक द्या.