घटाशेजारी मुलांची परडी

ओल्या कापसावर मूग ठेवायचा प्रयोग मला मनापासून आवडत नाही. कापूस एकतर वाळतो, नाहीतर दाणे कुजून वर्गात वास सुटतो. त्यापेक्षा आमच्याकडे आश्विनात घट बसतात, तेव्हा निम्मी तयारी घरच्या बायकांनी केलेलीच असते. पत्रावळीवर वावरी म्हणजे शेतातली माती, त्यात धान्य, मधोमध पाण्याचं मडकं. प्रयोग म्हणायला कमी असते ती शेजारी ठेवून ताडून बघायची दुसरी परडी. ती पहिली-दुसरीच्या मुलांकडून मांडून घ्या.

देवघरातल्या घटाला मात्र हात लावू द्यायचा नाही. आज्यांशी भांडण नको.

परडी नसेल तर श्रीखंडाचे रिकामे डबे घ्या, बुडाला भोकं मोठ्यांनी पाडा. माती शेतातली, चाळलेली. धान्य स्वयंपाकघरातलंच: गहू, मका, मूग, हरभरा. दुकानातलं रंग चोळलेलं बियाणं मुलांच्या हातात देऊ नका, त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं. दाणे रात्रभर भिजवून प्रत्येक डब्यात प्रत्येकी दहा पेरा, अर्ध्या पेराएवढे खोल. एका कोपऱ्यात मुगाची डाळही दहा दाणे टाका आणि ‘उगवेल का?’ म्हणून हात वर करायला लावा. बहुतेक हात वर होतात! डाळ भरडताना कोंब मोडतो, म्हणून ती उगवत नाही. हे आधी फोडू नका.

एक डबा खिडकीत ठेवा. दुसरा पुठ्ठ्याच्या खोक्याखाली, पूर्ण अंधारात. तिसराही खोक्याखाली, पण त्या खोक्याला एका बाजूने रुपयाएवढं भोक. पाणी हाताने शिंपडायचं, ओतायचं नाही. ऑक्टोबरच्या उन्हात खिडकीतली माती लवकर वाळते, ती रोज बोट घालून बघायला सांगा. उंची मोजायला पट्टीपेक्षा दोरा बरा. रोज कोंबाएवढा दोरा कापून वहीत चिकटवला की आलेख आपोआप तयार होतो.

आठवडाभरात खरी मजा येते. अंधारातले कोंब सगळ्यांत उंच निघतात, पिवळे आणि लुळे. मुलं ओरडतात, ‘अंधारवाला जिंकला!’ तिथे लगेच दुरुस्त करू नका. ‘यातला कोण जास्त दिवस टिकेल?’ एवढंच विचारा. दाण्यात बांधून दिलेली शिदोरी आहे तोवर कोंब उजेड शोधत उंच पळतो. हिरवा रंग उजेडाशिवाय तयार होत नाही आणि त्याच्याशिवाय झाडाला स्वतःचं अन्न करता येत नाही. दसऱ्याला टोपीत खोवतात ते धन, म्हणजे घटातले कोंब, पिवळं का, तेही इथेच कळतं. अंधारातला डबा खिडकीत आणला की एक-दोन दिवसांत कोंब हिरवे होऊ लागतात.

भोकाच्या खोक्यातले कोंब भोकाकडे वाकतात. डबा उलटा फिरवा, पुन्हा वळतात. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी गवताच्या कोंबांची टोकं झाकून पाहिली होती. झाकलेले कोंब वाकले नाहीत. हे निष्कर्ष त्यांनी 1880 मध्ये छापले. मक्याच्या नुकत्या वर आलेल्या कोंबाला चॉकलेटच्या चांदीची टोपी घालून हे करता येतं, पण काम नाजूक आहे, चौथीच्या मुलांना द्या.

आणखी एक जोडी मांडा: एका डब्यात मातीचं छोटं मडकं, दुसऱ्यात स्टीलचा तांब्या, दोन्ही पाण्याने भरून. वरून पाणी द्यायचं नाही. मडक्यातून पाणी झिरपतं, तांब्याभोवतीची माती कोरडी पडते. घट मातीचाच का, हा प्रश्न मग मुलंच सोडवतात.

मूग आणि हरभरा शेजारी ठेवून बघायला विसरू नका. मूग आपली दोन्ही दलं डोक्यावर घेऊन मातीबाहेर येतो, हरभऱ्याची मातीतच राहतात.

दसऱ्यानंतर खिडकीतला हरभरा तेवढा कुंडीत लावा, हंगाम त्याचाच आहे. महिन्याभराने शेंडे खुडू द्या, त्याने फांद्या फुटतात. पाने चाटली की आंबट लागतात, आणि ती आंब कुठून आली हे विचारायला कुणी ना कुणी येतंच.