आई-बाबांना आर्लिंग्टनला नेताना

आम्ही व्हर्जिनियात राहतो. भारतातून पाहुणे आले की त्यांच्या वॉशिंग्टनच्या यादीत आर्लिंग्टन नॅशनल सेमेटरी, म्हणजे अमेरिकेच्या सैनिकांची दफनभूमी, हमखास असते, पण तिच्या वाट्याला येतो जेमतेम एक तास. मी सगळ्यांना एकच सांगते: अर्धा दिवस काढा, नाहीतर पुढच्या खेपेला जा. ६३९ एकरांत चार लाखांहून जास्त माणसं विसावली आहेत. तासाभरात फक्त फोटो होतात.

मेट्रोची ब्लू लाइन पकडा. आर्लिंग्टन सेमेटरी याच नावाचं स्टेशन आहे, तिथून वेलकम सेंटर पायी थोडंच. वेळ सकाळी ८ ते संध्याकाळी ५, प्रवेश विनामूल्य. दारात तपासणी होते, म्हणून फोटोचं ओळखपत्र जवळ असू द्या. डबा घरीच ठेवा. आत खाता येत नाही, साधं पाणी चालतं. वडीलधारी मंडळी बरोबर असतील तर आतल्या बसचं तिकीट तिथेच काढा. आत चांगलाच चढ आहे, आणि माझ्या आईचे गुडघे पहिल्याच वळणावर बोलायला लागले होते.

निघण्यापूर्वी फोनवर 'एएनसी एक्स्प्लोरर' हे अ‍ॅप घ्या. नाव टाकलं की सेक्शन, कबरीचा क्रमांक आणि तिथवरची वाट दिसते. कोणा एकाचं नाव ठरवून जा. रांगाच रांगा बघून डोळे थकतात, पण एका दगडासमोर पाच मिनिटं थांबलं की मग बाकीच्या रांगाही दिसू लागतात.

अध्यक्ष केनेडींची समाधी आणि तिथली अखंड ज्योत वाटेतच लागते. गर्दी असते. नमस्कार करून वर आर्लिंग्टन हाउसकडे चला, कारण या जागेची खरी गोष्ट तिथे आहे. हे घर रॉबर्ट ली यांच्या पत्नीचं, मेरी ली यांचं. अमेरिकेच्या यादवी युद्धात सेनापती ली दक्षिणेकडून लढले आणि कुटुंबाला घर सोडावं लागलं. जमिनीवर ९२.०७ डॉलर कर बसला. मेरीबाईंनी नातेवाइकाहाती पैसे पाठवले. मालकिणीने स्वतः यावं म्हणून ते नाकारले गेले, आणि १८६४ मध्ये लिलावात सरकारनेच ही इस्टेट घेतली. त्याच वर्षी १३ मे रोजी इथे पहिला सैनिक पुरला गेला, विल्यम क्रिस्टमन. त्याला गोळी लागली नव्हती, तो आजारपणात गेला. पुढे उत्तरेच्या सैन्याचे जनरल मेग्ज यांनी अगदी घराला खेटून कबरी घालायला लावल्या, ली कुटुंब परत राहायला येऊच नये म्हणून. मेरीबाईंच्या गुलाबबागेशेजारी एकाच थडग्याखाली २,१११ अनोळखी सैनिक आहेत. घराच्या ओसरीवरून समोर सगळं वॉशिंग्टन दिसतं, पण आधी बागेकडे जा.

मग अज्ञात सैनिकाची समाधी. पहिला अज्ञात सैनिक इथे ११ नोव्हेंबर १९२१ ला ठेवला, आणि १९३७ पासून पहारा रात्रंदिवस आहे. एप्रिल ते सप्टेंबर दर अर्ध्या तासाने, बाकीच्या महिन्यांत तासाने पहारा बदलतो. दहा मिनिटं आधी पोचा. बदलताना उभं राहायचं, गप्प राहायचं, टाळ्या अजिबात नाहीत. मुलांना आधीच समजावून ठेवा.

पहारेकरी एकवीस पावलं चालतो, वळतो, एकवीस सेकंद थांबतो. हे मी अनेकदा पाहिलं होतं. माझे बाबा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. ते हाताची मूठ मांडीला लावून सावधान उभे होते. हळूच म्हणाले, "बंदूक बघ." प्रत्येक वळणावर तो बंदूक दुसऱ्या खांद्यावर घेत होता, नेहमी आम्हा बघणाऱ्यांच्या बाजूच्या, म्हणजे समाधी आणि लोक यांच्या मध्ये. तेव्हापासून मी सगळ्यांना तेच बघायला सांगते.

शेजारच्या अँफीथिएटरपाशी २००३ मध्ये कोसळलेल्या कोलंबिया यानाचं स्मारक आहे. सात जणांत आपली कल्पना चावला. ते चुकवू नका.

ही चालती दफनभूमी आहे, इथे कामाच्या दिवशी रोज अंत्यसंस्कार होतात. मिरवणूक येताना दिसली की जिथे असाल तिथे थांबा, टोपी काढा, फोन खिशात. दूरवर बिगूल ऐकू आला तर बोलणं थांबवा. सेक्शन ६० मध्ये इराक आणि अफगाणिस्तानात गेलेली पोरं आहेत. त्यांच्या आया, बायका दगडाशी बसलेल्या असतात. तिथे कॅमेरा काढू नका, लांबून जा.

पायांत बळ उरलं असेल तर सेक्शन २७ गाठा. तो एका टोकाला आहे, तिथे फारसं कोणी जात नाही. क्रिस्टमन तिथेच आहे, आणि गुलामीतून सुटून या परिसरात आसऱ्याला आलेली सुमारे ३,८०० कृष्णवर्णीय माणसंही. त्यांच्या दगडांवर हुद्दा नाही, 'सिटिझन' किंवा 'सिव्हिलियन' एवढंच. जिवंतपणी ज्यांना नागरिक मानलं नाही, त्यांच्या दगडावर तो शब्द आहे. मला इथे दरवेळी भरून येतं.

दगड नीट वाचा. वरच्या बाजूला धर्माचं चिन्ह असतं. क्रॉस, चंद्रकोर, डेव्हिडचा तारा, ॐसुद्धा कोरून घेता येतो. आणि मागच्या बाजूलाही जा. हे मला आईने दाखवलं. बाबा पुढून हुद्दे वाचत होते, ती मात्र दगडांच्या मागे गेली आणि तिने मला हाक मारली. मागे बायकोचं नाव होतं, खाली 'हिज वाइफ'. दोघं एकाच जागेत. नवऱ्याच्या बदल्यांमागे बावीस वर्षं संसार बांधत-सोडत हिंडलेली माझी आई मग ती सगळी रांग मागूनच चालली, एकेक नाव मोठ्याने वाचत.