लिनक्सची मूळ पॅकेजेस छाटताना या चुका टाळा

जागा वाचवायला ‘हे मला लागत नाही’ म्हणत सिस्टमसोबत आलेलं एकेक पॅकेज (सॉफ्टवेअरचा गठ्ठा) उडवत सुटणं, ही सर्रास होणारी चूक. आपल्याला लागत नसलं, तरी सिस्टमला ते लागतं का, हे आधी बघायचं असतं.

उबुंटू २२.०४ चा, नंतरचे अपडेट न घेतलेला सर्व्हर घ्या. पायथनमध्ये काही लिहायचं नाही, म्हणून कुणी पायथन ३ काढायला घेतो. पॅकेजेस टाकणारा-काढणारा एपीटी हा प्रोग्रॅम जाणाऱ्या पॅकेजेसची लांबलचक यादी दाखवतो, ती न वाचताच ‘वाय’ दाबलं जातं. नेटवर्कची मांडणी करणारा नेटप्लॅन पायथनवर अवलंबून असल्याने तोही जातो. लगेच मात्र काहीच बिघडत नाही. नेटप्लॅनने बूट होताना बनवलेल्या फाइल्स /रन/सिस्टमडी/नेटवर्कमध्ये असतात, नेटवर्क चालवणारी सिस्टमडी-नेटवर्कडी ही सेवा त्यांवर चालू राहते, एसएसएच म्हणजे दुरून केलेली जोडणीही टिकते. पण /रन मेमरीत असतं. रीबूट झालं की त्या फाइल्स जातात, त्या नव्याने बनवणारा नेटप्लॅनचा जनरेटर आधीच गेलेला, आणि मशीन नेटवर्कवर येतच नाही. हे रीबूट महिन्याभराने झालं, तर पायथनवर कुणाला संशयही येत नाही.

सुधारायचं तर कन्सोलवरून (नेटवर्कशिवाय थेट मशीनच्या स्क्रीन-कीबोर्डवरून) इंटरफेस चालू करा, पत्ता आणि गेटवे ‘आयपी’ कमांडने हाताने द्या, ‘रिझॉल्व्हसीटीएल’ने डीएनएस द्या, मग नेटप्लॅन पुन्हा टाका. बाकी काय गेलं ते /व्हार/लॉग/एपीटी/हिस्टरी.लॉगमध्ये सापडतं.

म्हणून आधी एपीटीच्या कमांडला ‘-एस’ लावून नुसती रंगीत तालीम करा आणि यादी शेवटपर्यंत वाचा. छाटणी झाली की कन्सोल हाताशी असतानाच रीबूट करा. ज्याला दोन मिनिटं यादी वाचायला वेळ नाही, त्याने चालू सर्व्हरला हात लावू नये.

पॅकेज काढताना ‘येस, डू ॲज आय से!’ टाइप करायला सांगितलं, तर तिथेच थांबा. ते पॅकेज ‘इसेन्शियल’, म्हणजे सिस्टमला अत्यावश्यक आहे.

/यूएसआर/शेअरमधले डॉक (माहितीपत्रकं) किंवा लोकेल (भाषांतरं) फोल्डर ‘आरएम’ने उडवणं हा फसवा शॉर्टकट आहे. पुढच्या अपग्रेडला फाइल्स परत येतात. त्याऐवजी डीपीकेजीच्या (एपीटीखाली प्रत्यक्ष पॅकेजेस बसवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) कॉन्फिगमध्ये ‘पाथ-एक्सक्लूड’ लिहा, कॉपीराइट फाइल्स तेवढ्या ‘पाथ-इन्क्लूड’ने राखा.

‘रेकमेंड्स’ (सक्तीची नसलेली, पण सोबत सुचवलेली पॅकेजेस) सरसकट बंद केले, तर सीए-सर्टिफिकेट्स हे पॅकेज येत नाही आणि एचटीटीपीएस जोडण्या प्रमाणपत्रावर अडतात. ते नाव घेऊन टाका.

‘रिमूव्ह’ने कॉन्फिग मागे राहतं, डीपीकेजीच्या यादीत ‘आरसी’ दिसेल. तेही काढायचं तर ‘पर्ज’ करा.

डॉकरची इमेज बनवताना साफसफाई डॉकरफाइलच्या वेगळ्या ‘रन’ आज्ञेत केली, तर इमेज घटत नाही. इन्स्टॉल आणि साफसफाई एकाच ‘रन’मध्ये हवी.

कात्री लावण्याआधी डीपीकेजी-क्वेरीने पॅकेजेस आकारानुसार लावून बघा. व्हर्च्युअल मशीनवर लिनक्स-फर्मवेअर आणि जुने कर्नल शेकडो एमबी अडवून बसतात, आणि लोक मात्र काही केबींच्या लायब्रऱ्यांमागे लागतात. तिथे लिनक्स-जेनेरिकऐवजी लिनक्स-व्हर्च्युअल टाका, सगळ्यांत नव्या कर्नलमधून बूट होतं ते बघा, मगच जुने कर्नल आणि फर्मवेअर काढा. आणि सिस्टम नव्यानेच उभारायची असेल, तर छाटत बसूच नका. सिस्टम शून्यापासून उभारणाऱ्या डीबूटस्ट्रॅपच्या ‘मिनबेस’ या किमान संचापासून लागेल तेवढंच चढवत जा.